भालदादाचे अंथरूण

१

सन २०२५, जुलै महिन्याची आठ तारीख, मंगळवार. पंचांगात आषाढ चालू होता आणि दक्षिण गोलार्धातल्या केलीव्हिलमधील आमच्या खिडकीबाहेर भर हिवाळा होता. मागच्या गवतावर दहिवर पांढरे पडले होते. त्या सकाळी माझा नातू तनय सैन्याच्या प्रशिक्षण छावणीत जाण्यासाठी घरून निघाला. वय वर्षे वीस, जन्म इथलाच. अभियांत्रिकीचा अभ्यास त्याने दुसऱ्या वर्षी सोडून दिला होता, आणि त्यामुळे त्याचे वडील विलास, म्हणजे माझा मुलगा, तीन महिने त्याच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. माझी सून चारुता वेस्टमीडच्या रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करते. तिने त्या दिवशी रजा घेतली आणि दिवसभर आधीच आवरलेली कपाटे पुन्हा आवरली.

मी तनयला एक वस्तू दिली: काळ्या लोकरीची, पांढऱ्या काठाची एक घोंगडी.

ती माझ्या थोरल्या भावाची, भालचंद्राची. आम्ही त्याला भालदादा म्हणत असू. महायुद्धात तो सैन्यात भरती झाला, १९४२ च्या अखेरीस रहिमतपुराहून समुद्रापार गेला, आणि पुढच्या सप्टेंबरात तिकडच्या प्रशिक्षण छावणीतून नाहीसा झाला. लढाईत नव्हे, छावणीतून. सरकारी पत्रात असे होते की तो १४ सप्टेंबरच्या सकाळी छावणी सोडून गेला असावा, मात्र त्याची गैरहजेरी १७ तारखेला लक्षात आली. गावाने त्याचा अर्थ ‘पळाला’ असा लावला. माझे वडील शाळामास्तर होते. ते त्या पत्रातील एकाच गोष्टीवर अडून बसत. जिथे रोज सकाळी माणसे मोजली जातात, तिथे एक माणूस तीन दिवस नाही हे कुणाला कळत कसे नाही? आई अर्थ लावीत बसली नाही. पळणारा असता तर घरी आला असता, एवढेच ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळपासून दिवा लावून झाला की त्याचे अंथरूण घालू लागली.

ते तिने १९६८ पर्यंत, म्हणजे जाईपर्यंत घातले. जाताना ते माझ्यावर सोपवले. संध्याकाळी दिव्यानंतर घोंगडी उलगडायची, सकाळी घडी घालून ठेवायची. सासरी, पुण्याच्या घरी आणि गेली एकोणीस वर्षे केलीव्हिलमध्ये मी ते एकही दिवस चुकवले नाही. ज्याचे अंथरूण घातले जाते त्याला तिळाचे पाणी देता येत नाही, हेही ओघाने आले. दरवर्षी सर्वपित्रीला विलास तर्पण करतो. गुरुजी पुण्याहून फोनच्या पडद्यावर सांगतात. मामाचे नाव घेण्याची जागा आली की ते थांबतात आणि माझ्याकडे पाहतात. मी मान हलवून नाही म्हणते. ते पुढे जातात.

आता मला नव्वद वर्षे झाली. घडी घालताना हात कापतो. माझ्यामागे हे कोण करणार, हा विचार कित्येक महिने मनात होता, आणि छावणी म्हटल्यावर मला वाटले की योग्य जागा आपोआप सापडली. मी तनयला सांगितले, तिथे थंडी असेल, हवी तर अंगावर घे. परंतु संध्याकाळी उलगडायची आणि सकाळी घडी घालायची, यात चूक होता कामा नये.

घडी त्याला येत होती. पाच वर्षांचा असल्यापासून तो माझ्यासमोर बसून ती घालीत असे: लांबीत तीन, रुंदीत दोन, आणि शेवटी एक कोपरा पाकिटाच्या झडपेसारखा आत. ही भालदादाची लष्करी घडी. सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला ती शिकवली होती. तो डावखुरा, म्हणून त्याचा कोपरा डावीकडून आत जाई. माझा उजवीकडून, आणि माझे पाहून शिकलेल्या तनयचाही उजवीकडून.

“नो वरीज, आजी,” तो म्हणाला. “तिकडे तेच करायचंय दिवसभर. बेड घाला, बेड उचला.”

काम पुढच्या हाती गेले, एवढाच मी विचार केला. अंथरूण जिथे घातले जाईल तिथेच येणारा येईल, हा विचार केला नाही.

२

छावणी केलीव्हिलपासून मोटारीने पाच तासांवर, मेंढ्यांच्या कुरणांच्या आणि निलगिरीच्या झाडांच्या प्रदेशात आहे. मुलांचे फोन काढून घेतात आणि दर रविवारी दुपारी एक वाजता अर्ध्या तासासाठी परत देतात. त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे माझी, असे ठरले होते.

पहिल्या रविवारी तनयने सगळे सविस्तर सांगितले. पहाटे साडेपाचला उठणे, चादर हातात घेऊन दाराबाहेर रांगेत उभे राहणे, मग माणसे मोजणे, मग दाढी, मग नाश्ता, आणि नाश्त्याला बारा मिनिटे. एका खोलीत चार खाटा. त्याच्या खोलीतला एक मुलगा गुडघा दुखावून दुसऱ्याच दिवशी घरी गेला होता, त्यामुळे चौथी खाट रिकामी होती. स्वतःच्या खाटेवर सरकारी पांघरुणाखेरीज काही ठेवायची परवानगी नाही, म्हणून घोंगडी तो त्या रिकाम्या खाटेवर घालीत होता. त्यांच्या कॉर्पोरलने, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या लष्करी मास्तरांनी, हे काय आहे असे विचारले. घरची रीत आहे, असे तनयने सांगितले. त्यांनी घडी वरून खालून पाहिली आणि विचारले की हे तुला कोणी शिकवले. आजीने, असे तो म्हणाला. त्यावर सगळी खोली हसली. पण दुसऱ्या दिवसापासून कॉर्पोरल इतरांना तनयची घडी दाखवू लागले.

मला आनंद झाला, हे लपवत नाही.

दुसऱ्या रविवारी फोन संपता संपता तो म्हणाला, “आजी, मी झोपेत फोल्ड करत असेन का गं?”

एका सकाळी त्याला उठायला उशीर झाला होता. घोंगडी रात्री उलगडलेली तशीच टाकून तो धावत रांगेत गेला. परत आला तेव्हा घडी घातलेली होती. खोलीतल्या दोघांनी हात लावला नव्हता. ते त्याच्यासोबत रांगेत होते.

मी म्हटले, तूच घातली असशील, घाईत लक्षात राहिले नसेल.

“असेल,” तो म्हणाला. “पण कॉर्नर राँग साइडला होता.”

कोणत्या बाजूला, असे मी विचारले. खरे म्हणजे विचारण्याची गरज नव्हती.

“लेफ्ट,” तो म्हणाला.

३

माझा स्वभाव पडताळून पाहण्याचा आहे. त्या आठवड्यात मी स्वतःशी सर्व शक्यता मांडल्या. खोलीतल्या मुलांनी थट्टा केली असेल. घाईत तनयचाच हात उलटा पडला असेल. भालदादा डावखुरा होता हे मी त्याला लहानपणी सांगितले असेल आणि तेच त्याच्या मनात राहिले असेल. यातली प्रत्येक गोष्ट संभवनीय होती. मी त्यांपैकी शेवटची निवडली आणि कामाला लागले.

तिसऱ्या रविवारी त्याने रोज होणारा एक घोटाळा हसत हसत सांगितला. त्यांच्या तुकडीत एकोणतीस मुले उरली होती. सकाळी कॉर्पोरल मोजत तेव्हा तीस भरत. ते शिवी हासडून पुन्हा मोजत, मग एकोणतीस. रोज. आता ते पहिल्या मोजणीकडे लक्षच देत नाहीत, दुसरीच धरतात. मुलांनी त्या तिसाव्याला नावही ठेवले आहे, पण ते आजीला सांगण्यासारखे नाही.

फोन ठेवल्यावर मी पत्र्याचा डबा काढला. त्यात भालदादाची आठ पत्रे आहेत, सगळी मोडीत लिहिलेली. वडिलांनी मला मोडी शिकवली होती. या घरात ती वाचणारे दुसरे कोणी नाही, हे मुद्दाम नमूद करते. छावणी कोणत्या देशात होती ते कधीच कळले नाही, कारण जागेचे नाव प्रत्येक पत्रातून कापून काढलेले आहे. वाळू मात्र सगळ्या पत्रांत आहे. भाकरीत वाळू, बुटात वाळू, बंदुकीच्या नळीत वाळू आणि त्यासाठी शिक्षा. तंबूत आठ जणांची जागा. एक इस्पितळात गेल्यापासून आठवे अंथरूण रिकामे.

भिंग घेऊन मी सातवे पत्र उलगडले. मला हवे होते ते दुसऱ्या पानावर होते.

‘इथे रोज सकाळी हजेरी दोनदा मोजतात. पहिल्या वेळी एक माणूस जास्त भरतो. हवालदार म्हणतो की उन्हाने डोळे फिरतात, पण त्या वेळी ऊन वर आलेलेही नसते.’

आठवे पत्र मी काढले नाही. ते मी सहसा काढत नाही. त्यात दादाने माझी एक थट्टा केली होती. मी आठ वर्षांची होते. मला राग आला, आणि दर वेळी वडिलांच्या पत्राखाली मी लिहीत असे त्या दोन ओळी त्या खेपेला लिहिल्या नाहीत. त्यानंतर त्याचे पत्र आले नाही.

४

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी तनयचा आवाज खोल गेलेला वाटला. मी विचारले, बरे नाही का? बरे आहे, असे तो म्हणाला. मधल्या आठवड्यात ताप आला म्हणून एक दिवस आजारी मुलांच्या खोलीत ठेवले होते. गंमत म्हणजे त्याची नोंद करायला तिथला माणूस विसरला, आणि तुकडीत त्या दिवशी कोणाला तो नाही हे कळलेच नाही. मोजणी एकदाच झाली आणि बरोबर भरली.

“मी नव्हतो तर परफेक्ट,” तो म्हणाला. “आय वॉज द प्रॉब्लेम ऑल अलाँग, आजी.”

तो हसला, मीही हसल्यासारखे केले. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता, एक दार आपटले, कोणीतरी कोणाला ‘मेट’ म्हणून हाक मारली. नंतर तो गलका थांबला. फोन बंद झाला असे वाटावे इतके शांत झाले. परंतु वारा ऐकू येत होता, मोकळ्या रानावरून येतो तसा, आणि त्यात कापड फडफडल्याचा आवाज.

“पद्मे,” पलीकडून आवाज आला, “इथं अंथरूण तूच घातलंस होय गं?”

मला पद्मे म्हणणारे शेवटचे माणूस १९६८ साली गेले.

काही क्षणांनी तनय नेहमीच्या आवाजात विचारू लागला, आजी, आहेस ना, तुझा आवाज येत नाहीये. मी म्हटले, आहे. तू आत्ता मला काय म्हणालास? काही नाही, असे तो म्हणाला. चार्जिंग संपत आलेय, एवढेच.

चारुता स्वयंपाकघरात होती. माझा चेहरा पाहून तिने पाणी आणून दिले आणि रक्तदाब पाहिला. तो ठीक होता. मी तिला काही सांगितले नाही, कारण जे सांगायचे ते मला स्वतःलाच पटलेले नव्हते.

५

सात सप्टेंबरला घरच्यांना छावणीत भेटीला बोलावले होते. इथे त्या रविवारी वडिलांचा दिवस पाळतात, आणि आपल्याकडे त्याच दिवशी भाद्रपदातील पौर्णिमा होती, पितृपक्षाचे तोंड. विलास येणार नाही अशी माझी समजूत होती. पण तो पहाटेच गाडी पुसत उभा होता.

बाराच्या सुमारास पोचलो. आवारात तांबडी घट्ट माती, छाटलेल्या हिरवळी, पांढऱ्या रंगाने रेषा मारलेले दगड. तनय आमच्यासमोर येऊन ताठ उभा राहिला तेव्हा चारुताने तोंडाला रुमाल लावला. वाळला होता, केस जवळजवळ नव्हतेच. विलासने त्याच्याशी हात मिळवला आणि तो सोडायचे विसरला. मला हायसे वाटले. हा तनयच होता.

पाहुण्यांना पंधरा मिनिटे खोल्या दाखवत होते. विलास आणि चारुता कॉर्पोरलशी बोलत बाहेर थांबले. मी तनयच्या दंडाला धरून आत गेले. दोन खाटा या भिंतीला, दोन त्या. मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा. समोरच्या खिडकीतून दुपारचे ऊन सरळ आत पडले होते. खोलीतला दुसरा मुलगा, जोश, उठून उभा राहिला. तुमचा नातू फार व्यवस्थित आहे, असे त्याने मला अदबीने सांगितले. त्या खाटेला मात्र आम्ही कोणी हात लावत नाही, असे म्हणून तो पाणी प्यायला निघून गेला.

मला खुर्ची दिली होती. तनय आपल्या खाटेवर, वाटेत पाय सोडून बसला. त्याच्या शेजारची खाट चौथी. उशाशी घोंगडीची घडी होती. मी चष्मा पुसून पाहिले. कोपरा डावीकडून आत होता.

मी हळूच विचारले, ही घडी तू घातलीस?

“आता मी नाहीच घालत,” तो म्हणाला. “तो घालतो.”

तो कोण, असे मी विचारले.

“आजी, डोन्ट वरी. ही इज नाइस. फार बोलत नाही.” मग खाली पाहून तो म्हणाला, “कधी कधी मीच तिकडे असतो. त्यांच्या टेंटमध्ये. तिथून परत कसं यायचं ते मात्र समजत नाही. सकाळ झाली की होतं आपोआप.”

मी उठणार होते. घोंगडी उचलून काखेत मारावी आणि सरळ गाडीत जाऊन बसावे, असे मी ठरवले होते. तेवढ्यात माझे लक्ष घडीच्या पुढे, गादीच्या कडेकडे गेले. ताणून बसवलेल्या चादरीत तिथे एक खळगा होता. कोणी बुटाचे बंद बांधायला खाटेच्या कडेवर टेकावे, तेवढा. उन्हात त्याची सावली स्पष्ट पडली होती.

बाहेर कर्ण्यावर मुलांना मैदानात जमण्याची सूचना झाली. खळगा सावकाश भरून आला आणि चादर सपाट झाली. आणि तनयने तिकडे न पाहताच आपले दोन्ही पाय आखडून घेतले, दाटीतून जाणाऱ्याला वाट द्यावी तसे.

घोंगडी मी तिथेच ठेवली. हा दोष माझा. ब्याऐंशी वर्षे ज्याची वाट पाहिली तो आला होता, आणि त्याच्या बुडाखालचे अंथरूण काढून घेणे मला जमले नाही.

६

सोमवारी सकाळी घर रिकामे झाल्यावर मी आठवे पत्र काढले. तारीख १३ सप्टेंबर १९४३. शेवटचा परिच्छेद मला उद्देशून आहे. तो जसा आहे तसा देते.

‘पद्मे, आमच्या रिकाम्या अंथरुणावर हल्ली एक पोरगा येऊन बसतो. आपल्याकडचाच दिसतो, पण मराठी अडखळत बोलतो. घडी माझ्यासारखी घालतो, कोपरा मात्र तुझ्यासारखा उजवीकडून. मी विचारले, कोणाचा रे तू? म्हणाला, पद्माआजीचा. तू आजी झालीस आणि आम्हाला कळवलेही नाहीस! बिचाऱ्याला परतीची वाट सापडत नाही. उद्या हजेरीच्या आधी त्याला कुंपणापर्यंत पोचवून येतो.’

हीच ती थट्टा. इतकी वर्षे मी तिला थट्टाच समजत होते.

उद्या म्हणजे चौदा सप्टेंबर. या वर्षी चौदा सप्टेंबर रविवारी येत होता.

ते सहा दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. विलासला मी एवढेच सांगितले की रविवारी घरी राहा. त्याने कारण विचारले. मी दिले नाही. त्यानेही आग्रह धरला नाही.

रविवारी एक वाजला. सव्वा झाला. फोन आला नाही. मी विलासला छावणीत फोन लावायला सांगितले. दुसऱ्या खेपेला त्या दिवशी कामावर असलेले अधिकारी मिळाले. त्यांनी शांतपणे सांगितले की सर्व मुले ठीक आहेत, सकाळी आणि दुपारी मोजणी झाली, दोन्ही वेळा पूर्ण भरली. मुलगा फोन करायला विसरला असेल.

मी विचारले, किती वेळा मोजले? विलासने त्यांना विचारले. एकदाच, बरोबर आले म्हणजे पुन्हा कशाला मोजायचे?

मी हात पुढे केला. विलासने फोन माझ्या हातात दिला. मॅट्रिकला शिकलेले इंग्रजी मी इतक्या वर्षांत दुकानदारांखेरीज फारसे कोणाशी बोललेले नाही. परंतु त्या दिवशी मला शब्द शोधावे लागले नाहीत.

“मोजू नका,” मी त्यांना सांगितले. “एकेकाचे नाव घ्या. आणि उत्तर आले की त्याच्या तोंडाकडे पाहा.”

नो वरीज, मॅम, असे ते म्हणाले.

पंचेचाळीस मिनिटांनी फोन आला. तनय जागेवर नव्हता. किती वेळ नव्हता ते त्यांना सांगता येईना. जोशने पुढे विलासला सांगितले की तनयचे नाव घेतल्यावर रांगेतून ‘हजर’ असे उत्तर आले होते, सगळ्यांनी ते ऐकले. पण अधिकारी तोंड पाहायला त्या जागी गेले तर दोन मुलांमध्ये एका माणसाची मोकळी जागा होती.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. ते द्यायला वडील नाहीत.

शोध सुरू झाला. साडेतीनला तनय सापडला. छावणीच्या पश्चिमेकडील कुंपणाशी, आतल्या बाजूला, खांद्यावर घोंगडी घेऊन तो बसला होता. अंगात ताप नव्हता, कुठे खरचटलेले नव्हते. आपण कधी निघालो हे त्याला सांगता येत नव्हते. फक्त त्याचे दोन्ही बूट बारीक पांढऱ्या वाळूने भरलेले होते, आणि त्या भागात सगळीकडे तांबडी माती आहे.

विलास त्याच पावली गाडी घेऊन निघाला.

७

विलास मंगळवारी परत आला. मुलाला घरी आणायचे त्याच्या मनात होते, पण तनयने तिथेच थांबून प्रशिक्षण पुरे करायचे म्हटले, आणि बापाने ते मान्य केले. दोघे दोन दिवस पुष्कळ बोलले असावेत. विलासने घोंगडी माझ्यापुढे ठेवली आणि फोन लावून दिला.

तनय आजारी मुलांच्या खोलीतून बोलत होता. आवाज त्याचाच होता, तरुण, थोडा चिडलेला. सगळे डॉक्टर तेच तेच विचारतात म्हणत होता. मी त्याला एकच विचारले. तुझ्यासोबत कुंपणापर्यंत कोण होते?

“तोच,” तो म्हणाला. “मी म्हटलं, ये ना आत, माझी आजी तुझी वाट बघते. आणि तो हसला. म्हणाला, माझी हजेरी चुकेल. मग घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली आणि मागे फिरला.”

मी विचारले, मागे म्हणजे कुठे?

“तिकडेच, आजी. सगळी वाळू होती. मी बघत होतो, पण मग दिसला नाही.”

फोन ठेवल्यावर मी सगळे जुळवून पाहिले. दादा पळाला नव्हता. माझ्या नातवाला पोचवायला तो कुंपणापर्यंत आला होता, आणि परत फिरून हजेरीला निघाला होता. ती त्याला गाठता आली नाही. हे मला कोणापुढे सिद्ध करता येणार नाही. आणखीही एक गोष्ट उघड होती. कुंपण समोर होते, अंथरूण घातलेले होते, वाट पाहणारी बहीण जिवंत होती. तरीही तो आत आला नाही. त्याला यायचे नव्हते असे मी म्हणणार नाही. येता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. ते ठाऊक नव्हते ते आम्हालाच, आईला आणि मला.

रविवार, एकवीस सप्टेंबर. सर्वपित्री अमावास्या. मागच्या अंगणात वसंताचे पहिले ऊब देणारे ऊन होते. विलास पाटावर बसला, समोर ताम्हण, दर्भ, तीळ. चारुताने फोन उभा करून ठेवला. गुरुजी पुण्याहून सांगू लागले. मामाच्या नावाच्या जागी ते सवयीने थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

मी मान हलवली नाही. मी म्हटले, “भालचंद्र.”

विलासने वळून माझ्याकडे पाहिले. मग त्याने तीळ घेतले आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडले, तीन वेळा.

त्यानंतर मी घोंगडी मोठ्या टबात भिजवली. चारुता मदतीला आली. मी तिला नको म्हटले. पाणी तीनदा बदलावे लागले. प्रत्येक वेळी तळाशी बोटभर पांढरी वाळू बसली होती. ती मी लिंबाच्या झाडाच्या मुळाशी ओतली आणि घोंगडी वाळत घातली. घडी न घातलेली, पुरती पसरलेली अशी ती मी दिवसाउजेडी प्रथमच पाहत होते.

एक वाजता तनयचा फोन आला. परेडचा सराव चालू आहे, बूट चावतात, येत्या शुक्रवारी सगळे या, आणि आईच्या हातचे बेसनाचे लाडू आणा, असे सांगून झाल्यावर त्याला आठवण झाली.

“आजी, आज एकदाच मोजलं. एकोणतीस.”

सगळ्यांची तोंडे पाहिली का, असे मी विचारले.

“पाहिली,” तो म्हणाला. “माझं पण.”

संध्याकाळी मी दिवा लावला. हात सवयीने खाली गेले आणि तसेच राहिले. मग मी ते जोडले. अंथरूण घातले नाही.